सरलाच्या जागेवर मोगरी

आफ्रिकेतल्या देशांचे मुलींचे पात्रता सामने चालू असतात तेव्हा माझी मुलगी रोज सकाळी चहा घेताना मोबाइलवर निकाल वाचते. सतरा वर्षांखालच्या मुली, एक सामना आपल्या देशात, एक समोरच्यांच्या देशात, आणि जो संघ टिकेल तो जागतिक स्पर्धेला. तिला गोल कोणी केले यात रस असतो. मला यादी पाहायची सवय आहे, म्हणून माझं लक्ष निकालाच्या जागी आडवी रेघ असलेल्या ओळींकडे जातं. तिथे एक संघ आलाच नाही आणि दुसरा न खेळता पुढे गेला. का आला नाही ते यादीत लिहिलेलं नसतं. पैसे नसतील, विमान चुकलं असेल, किंवा कागद पुरे पडले नसतील. मुलगी म्हणते, आई, तू नेमकी न झालेली मॅच बघतेस. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

आमचं घर म्हसावदच्या कडेला, जिथे गाव संपून केळीची शेतं सुरू होतात तिथे. घराला वेळापत्रक असं नव्हतं. वीज येईल तेव्हा मोटार चालू, मोटार चालू झाली की आबा शेतात, आबा शेतात गेले की माय चुलीपुढे. आईला आम्ही माय म्हणत असू. समोरच्या चक्कीची धुराडी दिवसभर पुकपुक करायची. ती थांबली की गावाला काहीतरी चुकल्यासारखं वाटे आणि लोक ओट्यावर येऊन वर बघत, जणू आवाज आभाळातून येत होता. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर तेल घातलेला मिरचीचा ठेचा, आणि बिबड्यांचा डबा. ज्वारीच्या या जाड पापड्या माय उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून ठेवी, आणि वर्षभर कोणालाही, कधीही, कशाहीबरोबर त्या दिल्या जात. रुसलेल्याला बिबडी, पाहुण्याला बिबडी, परीक्षेला निघालेल्याला बिबडी. त्या डब्यात किती राहिल्या याची नोंद मी ठेवत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर आठवड्याला आकडा लिहायचा, एवढंच. आज मी सरकारी दवाखान्याचं औषध भांडार सांभाळते आणि दिवसभर तेच करते.

शाळेतल्या देवरे सरांनी माझी ही खोड ओळखली होती. ते क्रीडा शिक्षक, उंच, किंचित वाकलेले, शिट्टी गळ्यात आणि किल्ल्या खिशात. मुलींचा फुटबॉल संघ काढण्यामागे त्यांचं सरळ गणित होतं. खो-खो आणि कबड्डीत जिल्ह्यातली प्रत्येक शाळा उतरते, तिथे आपला नंबर लागणार नाही. मुलींच्या फुटबॉलला जिल्ह्यातून दोन संघ येतात, तीन आले तर गर्दी. विभागापर्यंत गेलं की दहावीला वाढीव गुण. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि खेळाविषयी त्या दिवशी एवढंच बोलले. मला त्यांनी गोलमध्ये उभं केलं, कारण मी उंच होते आणि धावायचा कंटाळा करत असे. शिवाय फाइल माझ्याकडे दिली. बूट किती, कोणाच्या मापाचे, कोणाचा फोटो यायचा राहिला, कोणाच्या वडिलांची सही नाही. सर मला 'यादीवाली' म्हणत. घरी माझ्या खेळाची फारशी चर्चा नव्हती. संध्याकाळी म्हैस दावं तोडून केळीत शिरली आणि मला ती वळवता आली नाही तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तुले बॉल अडावता येस, म्हैस अडावता येत नही." मायला गोलकीपर म्हणजे काय हे मी दोनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तठे जाईसन तू नुसती उभीच ऱ्हास का?"

आमच्या संघात खेळणारी खरी एकच होती. हजेरीपटावर तिचं नाव सरला पावरा. तोरणमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, गावातल्या सरकारी वसतिगृहात राहून आमच्या वर्गात शिकणारी. वसतिगृहातल्या मुली तिला मोगरी म्हणत, म्हणून आम्हीही मोगरी म्हणू लागलो. मला ते लाडाचं नाव वाटलं होतं. ती लहानखुरी होती, बोलायची कमी. वर्गात मराठी, वसतिगृहात पावरी, आणि मैदानावर आमच्याकडून उचललेली अहिराणी, अशा तीन भाषांत ती गरजेपुरतं बोलायची. बॉल तिच्या पायाशी आला की बाकीच्या दहाजणी थांबून बघत राहायच्या, आणि सर ओरडायचे की तिकीट काढलंय का तुम्ही. रविवारी ती आमच्याकडे येई. माय तिच्यापुढे बिबड्या ठेवी, ती चार खाई आणि दोन ओढणीच्या टोकाला बांधून नेई. मी वहीत सहा लिहीत असे.

त्या वर्षी जिल्ह्यातून आम्ही एकही सामना न खेळता विजयी झालो. दुसऱ्या संघाकडे पुरेशा मुली जमल्या नाहीत. नंदुरबारच्या मैदानावर आम्ही गणवेश घालून अर्धा तास उभ्या राहिलो, पंचांनी शिट्टी वाजवली, कागदावर 'पुढे चाल' असं लिहिलं, आणि आम्ही शेवभाजी खाऊन परत आलो. आता विभागीय स्पर्धा होती, जळगावला. तिथे राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायला निवड समिती येणार होती. राज्याच्या संघातून देशाच्या संघाकडे, आणि तिथून परदेशी, असा रस्ता सरांनी फळ्यावर खडूने काढून दाखवला. हा रस्ता कोणासाठी काढला होता ते वर्गातल्या सगळ्यांना कळत होतं. सर फळ्याकडे बोट दाखवत होते आणि बघत होते मोगरीकडे.

विभागाला कागद लागत. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी प्रत्येकीच्या पहिलीच्या प्रवेशाचा उतारा, म्हणजे ज्या शाळेत ती पहिलीला बसली त्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल. बाकी सगळ्यांचे उतारे गावातल्या शाळेतून एका सकाळीत मिळाले. मोगरीचा तेवढा वरून, तिच्या पाड्यावरच्या शाळेतून आणायचा होता. आमच्याकडे असलेल्या तिच्या दाखल्यावर पाणी पडून सालाचा शेवटचा आकडा फुटला होता. कोणी एक वाचायचं, कोणी दुसरा. तारीख मात्र स्पष्ट होती, एक जून. त्याचं कोणाला नवल नव्हतं. घरी जन्माची नोंद नसली की मास्तर एक जून लिहून टाकत. आमच्या वर्गात निम्म्या मुलामुलींचा वाढदिवस एकाच दिवशी येई, आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीत येत असल्यामुळे कोणीही साजरा करत नसे. सरांनी मला आणि मोगरीला सकाळच्या जीपने वर पाठवलं. जीपमध्ये आम्ही, कांद्याची दोन पोती, एक शेळी आणि टपावर मोजता न येण्याइतकी माणसं. घाटाच्या वळणांवर ड्रायव्हर एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने दार धरून होता, कारण दाराला कडी नव्हती. मोगरी त्याच्या खांद्यावरून रस्ता बघत होती. एवढी आनंदात मी तिला मैदानाबाहेर कधी पाहिली नव्हती.

शाळेआधी ती मला घरी घेऊन गेली. बांबूच्या भिंती, कौलं, दारात मक्याची कणसं टांगलेली. तिच्या आईने मक्याची भाकरी आणि लसणाची लाल चटणी पुढे केली. मागच्या बाजूने एक बाई कडेवर मूल घेऊन आली, मोगरीसारखीच दिसणारी, पण मोठी, दोन-तीन वर्षांनी तरी. मोगरीने ओळख करून दिली. ही माझी बहीण, सरला.

मी भाकरी खाली ठेवली. माझ्या फाइलमध्ये सरला एकच होती आणि ती माझ्या शेजारी बसली होती. हे कसं झालं ते मोगरीने मला हसत हसत सांगितलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. पहिलीत नाव घातलं ते सरलाचं. सरला बारा दिवस शाळेत गेली, मग घरात बाळ झालं, शेळ्या बघायला कोणी नाही, म्हणून ती घरी राहिली. तिची पाटी परत द्यायला धाकट्या मोगरीला पाठवलं. मास्तर हजेरी घेत होते. सरलाचं नाव आलं, कोणी बोललं नाही, मास्तरांनी दारातल्या मोगरीकडे पाहिलं आणि आत बस म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तेव्हापासून ती सरलाच्या नावावर पास होत होती.

शाळेतले हेडमास्तर तेच जुने मास्तर होते. मूळचे खाली शहाद्याकडचे, केस पिकलेले, उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. त्यांनीही काही लपवलं नाही. पटावरचा आकडा कमी झाला असता तर शाळेचा एक शिक्षक गेला असता, आणि ही पोर आपण होऊन येत होती. त्यांनी ट्रंकेतून रजिस्टर काढलं. तिथे साल फुटलेलं नव्हतं. रजिस्टरप्रमाणे मुलीला अठरावं लागलं होतं. स्पर्धा सतरा वर्षांखालची. मोगरीच्या आईला विचारलं तर तोरणमाळच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं त्याच्या पुढच्या थंडीत ही झाली, असं तिने सांगितलं होतं. त्या हिशोबाने मोगरी पंधरा वर्षांची.

हेडमास्तरांनी उताऱ्याचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, त्यांचं बोट कापलंय, माझं अक्षर चांगलं दिसतंय, मीच भरावं, ते खाली सही-शिक्का करतील. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "पोर पंधरानी शे, रजिस्टर अठरानं. सांग, कोणतं लिखानं?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांनी ते साल स्वतः नऊ वर्षांपूर्वी अंदाजाने लिहिलं होतं, तेही दुसऱ्या मुलीसाठी. आज तिसऱ्या कोणी त्याच अंदाजाची दुरुस्ती केली तर त्यांना चालणार होतं. मी पेन हातात घेऊन बसले. बाहेर दोन कोंबड्या पायरीवर चढत-उतरत होत्या. मोगरी माझ्या खांद्याशी उभी होती. ती म्हणाली, "पंधरा लिही ना, उजू. खरंच आहे."

मी म्हणाले, "उतारा म्हणजे उतारा. आत असेल तेच बाहेर लिहायचं."

आणि लिहिलं. नाव सरला, तारीख एक जून, साल रजिस्टरमधलं. अक्षर सुवाच्य आलं. हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मोगरीकडे पाहिलं, पट्टीच्या हाताने सही केली, शिक्का मारला. त्या वेळी माझ्याकडे कारणं होती. पकडलं गेलं तर सगळा संघ बाद होईल. सरांची नोकरी जाईल. ही कारणं खोटी नव्हती. पण आज पन्नाशीकडे येताना मी ती पुन्हा तपासते तेव्हा त्यांच्याखाली अजून एक सापडतं. मला चुका नसलेली फाइल घेऊन जळगावला जायचं होतं. माझ्या फाइलमध्ये खाडाखोड नसे, याचा मला गर्व होता. समोर खरी मुलगी आणि कागदावर खोटं साल असताना मी कागदाची बाजू घेतली, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हटलं.

उतरताना मोगरी जीपमध्ये झोपली, किंवा डोळे मिटून बसली. खाली आल्यावर सरांनी उतारा पाहिला, बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. मग त्या मास्तराला आणि त्याच्या रजिस्टरला त्यांनी पाच मिनिटं नावं ठेवली. पेन कोणाच्या हातात होतं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि मोगरी शेजारी उभी असून काही बोलली नाही. जळगावला ती यादीबाहेरची बारावी मुलगी म्हणून आली. पाण्याची पिंपं तिच्याकडे होती.

जळगावच्या मैदानावर समोरचा संघ आला तो सहा मुलींचा. दुसरी गाडी वाटेत बंद पडली होती आणि बाकीच्या मुली तिच्याबरोबर. सातपेक्षा कमी असल्या तर सामना होत नाही. पंचांनी नियमाप्रमाणे वाट पाहिली, तीन शिट्ट्या वाजवल्या, आणि आम्हाला पुन्हा 'पुढे चाल' मिळाली. आमच्या मुली टाळ्या वाजवू लागल्या. तेवढ्यात निवड समितीच्या बाई मैदानात आल्या. ठेंगण्या, डोक्याला टोपी, हातात लाकडी पॅड. त्यांनी सरांना विचारलं की मी एवढ्या लांबून कागद निवडायला आलेय का. निकाल लागला तो लागला, आता दोन्हीकडच्या मुली मिसळा आणि खेळा, मला पाय बघू द्या. नऊ-नऊचे दोन गट झाले. त्या सहाजणींना आमच्या दोन मुली दिल्या तरी एक कमी पडत होती. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पिंपांकडे हात केला. हा काही सामना नव्हता, त्याला उतारा लागत नव्हता.

तोवर मोगरी नेहमी माझ्या बाजूने खेळली होती. ती समोरून येताना कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या अंगात माझा राखाडी स्वेटर होता, पाय उघडे. पहिला गोल मला दिसला नाही. दुसऱ्याला मी डावीकडे झेप घेतली आणि बॉल उजवीकडून सावकाश आत गेला, घाई नसलेल्या पाहुण्यासारखा. तिसऱ्याला ती एकटीच माझ्यासमोर होती, मी पुढे धावले, तिने मला येऊ दिलं आणि मग डोक्यावरून उचलला. प्रत्येक गोलनंतर ती वळून आपल्या जागी चालत गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहायचं टाळलंही नाही.

शिट्टी झाल्यावर बाई सरळ माझ्याकडे आल्या, कारण फाइल माझ्याकडे होती. त्यांनी पॅडवर पेन टेकवून विचारलं, "राखाडी स्वेटरवाली. नाव काय तिचं?"

मी म्हणाले, "ती यादीत नाही, बाई."

"ते मला दिसतंय. नाव विचारतेय."

मी काही बोलायच्या आत सर तिथे आले आणि वयाची अडचण सांगितली. बाईंनी उतारा मागितला. मी फाइलमधून काढून दिला. त्यांनी तो वाचला, मैदानात पिंपाशी ओणवून पाणी पिणाऱ्या मोगरीकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "ही अठराची?" त्या म्हणाल्या. हल्ली मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवतात म्हणे. तेव्हा कागद होता, आणि कागदावर माझं अक्षर होतं. "एवढा स्वच्छ कागद असल्यावर मी काय करू," असं म्हणून बाईंनी तो मला परत दिला. त्यांनी राज्याच्या शिबिरासाठी त्या मैदानावरून दोन मुली घेतल्या. एक समोरच्या संघातली आणि एक मी. तीन गोल खाल्लेली गोलकीपर का, असं सरांनीही विचारलं. बाई म्हणाल्या, विभागात दुसरी गोलकीपर आलेलीच नाही, आणि तिसऱ्या वेळी ही घाबरून मागे गेली नाही.

परतीच्या गाडीत मुली गाणी म्हणत होत्या. मी मोगरीच्या शेजारी जाऊन बसले. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली असावी, माफीच्या दिशेने जाणारं. तिने ते पूर्ण होऊ दिलं नाही. शिबिर कधी आहे, एवढंच विचारलं. दहा दिवसांनी, मी म्हणाले.

"तू आधीच पडतेस," ती म्हणाली. "बॉल निघायच्या आधी. थांबत जा."

पुढची हकिकत थोडी आहे. दहावी ती सरलाच्या नावावर पास झाली, आज अंगणवाडीत सरलाच्याच नावावर सही करते, आणि खरी सरला मतदार यादीत आहे. दोघी बहिणी यावर हसतात, पण मला हसण्यात सामील व्हायला जमत नाही. शिबिरातून मी आठवड्यात परत आले. राज्यात माझ्यापेक्षा चांगल्या गोलकीपर होत्या आणि त्यांना शोधायला फार कष्ट पडले नसावेत.

पण त्याआधीचे ते दहा दिवस होते. शाळा सुटली की मोगरी मैदानावर यायची, बारा पावलं मोजायची, बॉल ठेवायची आणि मारायची. मी पडायचे. ती म्हणायची, लवकर. पुन्हा ठेवायची. अंधार पडून वसतिगृहाची घंटा होईपर्यंत हे चाले. जायला कोणीतरी हवं होतं आणि जाणारी मी होते, म्हणून ती मला तयार करत होती. रागाने मारला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ती प्रत्येक वेळी नीट, शिकवण्याइतक्याच जोराने मारायची. नवव्या दिवशी मी थांबले. बॉल निघाला, मग मी झेपावले, आणि तो माझ्या पंजाला लागून बाहेर गेला. मी मातीत पडल्या पडल्या तिच्याकडे पाहिलं. ती बॉल आणायला गेली, तो घेऊन आली, आणि पुन्हा बारा पावलं मोजू लागली.